कॅमेऱ्यातील व्हिडिओ फाइल नीट चालत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत लग्नाचे शूटिंग करणारे, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ तयार करणारे, सप्ताहातील कीर्तने चित्रित करणारे आणि केवळ हौसेपोटी कॅमेरा बाळगणारे लोक ज्या अडचणी घेऊन येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मिररलेस, डीएसएलआर, हँडीकॅम, ॲक्शन कॅमेरा आणि ड्रोन या सर्वांच्या फाइलींना ही माहिती लागू पडते. मोबाइलवरील चित्रीकरणाचा विचार येथे केलेला नाही. ज्यांची क्लिप आत्ताच अडली आहे, त्यांनी पहिले उत्तर वाचल्याशिवाय कार्डाशी काहीही करू नये.

क्लिप उघडत नाही. ती खराब झाली, असे समजावे का?

इतक्यात समजू नये. ‘करप्ट झाली’ म्हणून आणलेल्या पुष्कळ क्लिपा प्रत्यक्षात शाबूत असतात. बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: क्लिप ज्यावर पाहत आहात त्या साधनात, कार्डावरून संगणकात आणलेल्या प्रतीत किंवा कॅमेऱ्याने लिहिलेल्या मूळ फाइलीत. यांपैकी पहिला बिघाड फुकटात दुरुस्त होतो, दुसरा पुन्हा कॉपी केल्याने जातो आणि खरी काळजी फक्त तिसऱ्याची करायची असते. म्हणून शोधही याच क्रमाने घ्यावा.

सर्वांत आधी कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेची लॉकची पट्टी खाली सरकवावी, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. (मायक्रो एसडी कार्डाला अशी पट्टी नसते, ते ॲडॉप्टरमध्ये घातल्यास ॲडॉप्टरची पट्टी वापरता येते.) मग कार्ड ज्या कॅमेऱ्यात चित्रीकरण केले त्याच कॅमेऱ्यात घालून क्लिप तेथे पाहावी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती अखेरपर्यंत चालली, तर मूळ फाइल चांगली आहे आणि दोष संगणकाकडे किंवा प्रतीकडे आहे. त्यानंतर संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये ती उघडून पाहावी, कारण या प्लेअरला लागणारे बहुतेक कोडेक (आकुंचित चित्र-आवाज उलगडण्याच्या पद्धती) त्याच्या आतच असतात आणि तो विंडोजच्या कोडेकांवर अवलंबून राहत नाही. तेथेही अडली, तर कार्डावरील फाइलीचा आणि संगणकातील प्रतीचा आकार प्रॉपर्टीजमध्ये बाइटपर्यंत ताडून पाहावा. आकडे वेगळे असतील, तर कॉपी अर्धवट झाली आहे. आकडे सारखे असूनही शंका असेल, तर दुसऱ्या कार्ड रीडरने, शक्यतो दुसऱ्या यूएसबी पोर्टमधून, पुन्हा कॉपी करावी. स्वस्त कार्ड रीडर आणि सैल झालेली केबल यांनी जितक्या क्लिपा ‘बिघडवल्या’ आहेत, तितक्या कॅमेऱ्यांनी बिघडवलेल्या नाहीत, असे माझे मत आहे.

दोन्ही फाइली एमपी४ आहेत, मग एक चालते आणि दुसरी का चालत नाही?

एमपी४, एमओव्ही, एव्हीआय ही नुसत्या वेष्टनाची नावे आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या खोक्यावरचे नाव वाचून आतला माल कसा पिकला आहे ते कळत नाही, तसेच फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेल्या अक्षरांवरून आतील चित्र कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहे ते कळत नाही. ती पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४ हा कोडेक २००३ साली आला आणि आज तो जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही व संगणक ओळखतो. २०१३ साली आलेला एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवतो, पण तो उलगडण्यासाठी संगणकाला अधिक कष्ट पडतात आणि विंडोज १० व ११ मध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ घ्यावे लागते, ज्याला अल्पसे शुल्क आहे. काही नव्या लॅपटॉपांत ते आधीच बसवलेले असते. ते नसेल, तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, किंवा कोडेक नसल्याचा संदेश येतो.

आत काय आहे हे पाहण्यासाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे, अथवा व्हीएलसीत टूल्स मेनूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावे. कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट, बिट डेप्थ (रंगांची बारकाई) आणि आवाजाचा प्रकार या पाच गोष्टी एका कागदावर उतरवून ठेवल्या, की पुढील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

नावाच्या शेवटी एमपी४ असे लिहिले तर चालेल का?

नाही. नाव बदलल्याने आतील मजकूर बदलत नाही. अपवाद गोप्रो या ॲक्शन कॅमेऱ्याच्या एलआरव्ही फाइलींचा आहे, कारण त्या मुळातच लहान आकाराच्या एमपी४ असतात आणि नाव बदलताच चालू लागतात. मुख्य क्लिप वाचली नाही, तर निदान कमी दर्जाचे चित्र हाती लागावे म्हणून या फाइली लगेच पुसून टाकू नयेत. सोनीच्या कॅमेऱ्यात प्रॉक्सी रेकॉर्डिंग चालू ठेवले असेल, तर तशीच छोटी प्रत ‘प्रायव्हेट’मधील ‘एम४रूट’ फोल्डरच्या आत ‘सब’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडते.

क्लिप चालते, पण अडखळते. आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहते.

क्लिप कार्डावरून किंवा पेनड्राइव्हवरून थेट चालवू नये; आधी संगणकाच्या एसएसडीवर आणावी. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के क्लिपेसाठी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट इतकाच वेग लागतो, त्यामुळे एसएसडीवरूनही ती अडखळत असेल तर दोष प्रोसेसरकडे किंवा ग्राफिक्स कार्डाकडे आहे.

येथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. नवे कॅमेरे ‘दहा-बिट ४:२:२’ या रंगांची अधिक माहिती साठवणाऱ्या प्रकारात चित्रीकरण करतात आणि विक्रेते तो प्रकार मोठ्या कौतुकाने सांगतात, पण असे एच.२६५ चित्र हार्डवेअरच्या मदतीने उलगडण्याची सोय पुष्कळ संगणकांत नसते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती आरटीएक्स ५० मालिकेच्या आधी नव्हती, म्हणून मोठी रक्कम खर्चून घेतलेले जुने ग्राफिक्स कार्डही येथे हात टेकते आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये मात्र ही सोय आहे. संगणक बदलणे शक्य नसेल, तर मिक्सिंगच्या (व्हिडिओ संपादनाच्या) सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे हलक्या छोट्या प्रती, तयार करून काम करावे आणि अंतिम फाइल मूळ क्लिपांवरून काढावी. केवळ लग्नाची सरळसोट मिक्सिंग करायची असेल आणि रंगांवर फारसे काम करायचे नसेल, तर पुढच्या वेळी कॅमेराच आठ-बिट ४:२:० वर ठेवणे शहाणपणाचे.

ग्राहकाला पेनड्राइव्ह दिला. त्यांच्या टीव्हीवर तो चालत नाही.

ही तक्रार लग्नसराईत सर्वाधिक येते आणि तिच्यात दोन वेगळी कारणे मिसळलेली असतात.

पहिले कारण पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचे. फॅट३२ फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून तीन तासांचा लग्नसोहळा एका फाइलीत त्यावर बसत नाही आणि कॉपी करताना फाइल फार मोठी असल्याचा संदेश येतो. एक्सफॅटमध्ये ही मर्यादा अडत नाही, परंतु जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत आणि पेनड्राइव्ह रिकामा असल्यासारखे दाखवतात. ग्राहकाचा टीव्ही कोणता आहे हे ठाऊक नसेल, तर फॅट३२ ठेवून सोहळ्याचे हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे ४ जीबीच्या आतले भाग पाडून देणे अधिक सुरक्षित असते.

दुसरे कारण कोडेकचे. टीव्हीतील चिप ठरावीक प्रकारच उलगडू शकते आणि संगणकासारखे नवे सॉफ्टवेअर टाकून तिला शिकवता येत नाही. दहा-बिट ४:२:२ चित्र टीव्हीवर चालण्याची अपेक्षा ठेवूच नये. देण्याच्या प्रतीसाठी एमपी४ वेष्टन, एच.२६४, आठ-बिट, ४:२:०, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम आणि एएसी प्रकारात आकुंचित केलेला आवाज ही मांडणी गावातल्या जुन्या एलईडी टीव्हीपासून नव्या फोनपर्यंत जवळपास सगळीकडे चालते. ४के प्रत हवी असल्यास ती वेगळी द्यावी. फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी, कारण काही टीव्ही देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतात.

चित्र दिसते, पण आवाज नाही.

आधी क्लिप स्लो मोशनची तर नाही ना, हे पाहावे. सोनीचे ‘एस अँड क्यू’ आणि कॅननचे ‘हाय फ्रेम रेट’ या प्रकारांत आवाज ध्वनिमुद्रितच होत नाही, त्यामुळे शोधण्यासारखे काही नसते. तसे नसेल, तर आवाजाचा प्रकार तपासावा. कॅमेरे अनेकदा एमपी४ मध्ये न आकुंचित केलेला एलपीसीएम आवाज ठेवतात आणि संगणकावर तो व्यवस्थित ऐकू येतो, पण काही फोन व टीव्ही तो ओळखत नाहीत. अशा वेळी चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसीमध्ये बदलावा. शटर एन्कोडर किंवा एफएफएमपेग या मोफत साधनांनी हे थोड्या वेळात होते आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. व्हीएलसीतही आवाज नसेल, तर तो मुळातच आलेला नाही: बाहेरून जोडलेल्या माइकची बॅटरी संपली होती, किंवा त्याची पिन पूर्ण आत गेलेली नव्हती. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

मध्येच चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, हिरवे-गुलाबी पट्टे येतात आणि क्षणात पुन्हा ठीक होते.

क्लिप तीन वेळा चालवून पाहावी. दर वेळी त्याच सेकंदाला चित्र फुटत असेल, तर दोष फाइलीत आहे. जागा बदलत असेल, तर संगणकात. संगणकाचा संशय असल्यास व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ येथे हार्डवेअरच्या मदतीने उलगडण्याची सोय बंद करून पाहावी. पट्टे गेले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

दोष फाइलीत असेल, तर चित्र आपोआप ठीक का होते, हा प्रश्न उरतो. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि तिच्यापुढील फ्रेमांत फक्त बदल नोंदवलेले असतात. त्यामुळे एका जागी काही बाइट बिघडले, तर तो बिघाड पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंत ओढला जातो, म्हणजे साधारण अर्धा-एक सेकंद, आणि तेथे संपतो. कार्डावरून पुन्हा कॉपी करावी. दोन्ही प्रतींची ओळखसंख्या ७-झिपच्या उजव्या क्लिकवरील ‘सीआरसी एसएचए’ मेनूतून काढून ताडावी. ती जुळली नाही, तर पहिली कॉपी बिघडलेली होती. जुळली आणि तरीही पट्टे राहिले, तर कार्डावरच दोष आहे. ते कार्ड पुन्हा कामाला नेऊ नये आणि तेवढा अर्धा सेकंद मिक्सिंगमध्ये दुसऱ्या शॉटने झाकावा.

चित्रात आडवे पट्टे सरकतात, रंग फिके दिसतात किंवा हलणाऱ्या कडा दातेरी दिसतात. हा फाइलीचा दोष आहे का?

तिन्हींपैकी एकही फाइलीचा दोष नाही.

सरकणारे पट्टे दिव्यांमुळे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा पॅलवर, २५ किंवा ५० फ्रेमवर, आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे लागते. कॅमेरा एनटीएससीवर, म्हणजे ३० किंवा ६० फ्रेमवर, राहून शटर १/६० झाले, तर मंडपातील ट्यूबलाइटे आणि स्वस्त एलईडी दिवे लुकलुकतात. एलईडी वॉलचे पट्टे यापेक्षा हट्टी असतात, त्यांच्यासाठी शटर बारीक टप्प्यांनी बदलत जावे लागते. चित्रीकरण झाल्यावर हे पूर्णपणे काढता येत नाही. फिके, धुरकट रंग एस-लॉग, व्ही-लॉग किंवा कॅनन लॉग हे नंतर रंगकाम करण्यासाठीचे फिके प्रकार चालू राहिल्याचे लक्षण आहे आणि योग्य लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलणारी तयार फाइल) लावताच रंग परत येतात. दातेरी कडा ‘५०आय’ प्रकारातील, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपणाऱ्या, जुन्या हँडीकॅमच्या क्लिपांत दिसतात. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूतील ‘डीइंटरलेस’ चालू केले की त्या नाहीशा होतात.

सप्ताहात कीर्तनाचे रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली. फाइल मोठी दिसते, पण कोणत्याही प्लेअरमध्ये उघडत नाही.

ही खरी बिघडलेली फाइल, आणि तरीही बहुधा वाचवता येणारी.

लांब कार्यक्रमांसाठी अनेक जण बॅटरीच्या जागी डमी बॅटरी घालून कॅमेरा थेट विजेवर चालवतात. साधी बॅटरी संपत आली, की कॅमेऱ्याला ते आधी कळते आणि तो रेकॉर्डिंग नीट बंद करतो. डमी बॅटरीची वीज मात्र एका क्षणात तुटते. एमपी४ आणि एमओव्ही फाइलीत चित्र-आवाजाचा सारा साठा एका भागात असतो आणि कोणती फ्रेम कोठे सुरू होते याची सूची ‘मूव्ह’ नावाच्या दुसऱ्या भागात असते. कॅमेरा ही सूची रेकॉर्डिंग थांबवताना लिहितो. ती लिहिण्याआधीच वीज गेली, तर दोन तासांचे कीर्तन कार्डावर असते, पण ते वाचायचे कसे हे प्लेअरला कळत नाही. एफएफएमपेगमध्ये अशी फाइल दिल्यास ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि तो आला, की निदान पक्के समजावे.

पहिला उपाय कॅमेऱ्याकडूनच करून घ्यावा. त्यासाठी कार्डाचे लॉक काढून, पूर्ण भरलेली खरी बॅटरी घालून, तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालावे आणि कॅमेरा चालू करून थोडा वेळ वाट पाहावी. गोप्रो अशा वेळी दुरुस्तीचे चिन्ह दाखवतो, डीजेआयचे ड्रोन शेवटची अपुरी क्लिप स्वतः सावरण्याचा प्रयत्न करतात आणि सोनीचे कॅमेरे डेटाबेस दुरुस्त करायचा का, असे विचारतात. येथे होकार द्यावा. हा होकार कॅमेऱ्याला द्यायचा आहे. विंडोज असाच प्रश्न विचारते तेव्हा नकार द्यावा. कार्ड तपासताना सोनीमध्ये आरएसव्ही आणि काही कॅनन कॅमेऱ्यांत डॅट या नावाने संपणारी मोठी फाइल दिसली, तर ती निरुपयोगी समजून पुसू नये, कारण अपुरे राहिलेले रेकॉर्डिंग तेच असते.

कॅमेऱ्याने काही केले नाही, तर फाइल संगणकात उतरवून तिच्या प्रतीवर अनट्रंक हे मोफत साधन वापरावे. त्याला एक नमुना फाइल लागते: त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशनची, त्याच फ्रेम रेटची आणि त्याच कोडेकची, चांगली चालणारी क्लिप. त्या नमुन्यावरून ते हरवलेली सूची नव्याने रचते. नमुना वेगळ्या सेटिंगचा दिला, की चित्र हिरवे येते किंवा आवाजाची खरखर होते, आणि लोक साधनालाच दोष देतात. दुरुस्त झालेल्या फाइलीत आवाज थोडा मागे-पुढे होऊ शकतो. तो मिक्सिंगमध्ये टाळांच्या ठोक्यावर जुळवून घ्यावा.

हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींना हा धोका फार कमी असतो, कारण त्यांत माहिती छोट्या स्वतंत्र पाकिटांत एकामागून एक लिहिली जाते आणि शेवट तुटला तरी तोवरचा भाग चालतो. वीज बेभरवशाची असलेल्या ठिकाणी सप्ताहाचे काम जुन्या हँडीकॅमवर करणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. डमी बॅटरी वापरायचीच असेल, तर तिच्यामागे पॉवर बँक किंवा यूपीएस असावा आणि प्रत्येक अभंगानंतर, किंवा निदान अर्ध्या तासाने, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावे.

मे महिन्यात कॅमेरा मध्येच बंद पडतो. त्याने क्लिप खराब होते का?

बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरण्याचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते, आणि भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा सावलीतही त्याच्या वर, कधी ४५ च्या घरात जातो. कॅमेरा तापला, की तो आधी इशारा देतो आणि मग रेकॉर्डिंग स्वतः बंद करतो. सूची लिहून झालेली असल्याने क्लिप सहसा शाबूत राहते, फक्त अपुरी असते. ती उघडत नसेल, तर उष्णतेऐवजी कोणी घाईने बॅटरी काढली होती का, याची चौकशी करावी. वरातीत कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकावा, पडदा अंगापासून उघडून बाहेर ठेवावा आणि दोन शॉटांच्या मध्ये कॅमेरा बंद करावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा किंवा बॅटऱ्या ठेवू नयेत.

एकाच रेकॉर्डिंगच्या अनेक फाइली झाल्या आहेत आणि त्यांचा क्रम लागत नाही.

फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा सांभाळण्यासाठी कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. काही जुने कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबतातही. युरोपातील आयातशुल्काच्या नियमांमुळे घातलेली ती मर्यादा होती, बिघाड नव्हे. गोप्रोचे नामकरण मात्र फसवे आहे. ‘जीएच०१०१२३’ चा पुढचा तुकडा ‘जीएच०२०१२३’ असतो, म्हणजे शेवटचे चार अंक रेकॉर्डिंगचे आणि त्याआधीचे दोन अंक तुकड्याचे. संगणक नावानुसार लावतो तेव्हा सर्व रेकॉर्डिंगांचे पहिले तुकडे एकत्र येतात आणि सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्यांच्या शर्यती एकमेकींत मिसळतात. शेवटचे चार अंक पाहून गट करावेत आणि लॉसलेसकट या साधनात ते पुन्हा एन्कोड न करता जोडावेत.

हँडीकॅमच्या एमटीएस फाइली जोडल्यावर सांध्यावर आवाज तुटतो.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी प्रकारात एमटीएस फाइली ‘प्रायव्हेट’ फोल्डरच्या आत, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही, स्ट्रीम अशा पायऱ्या उतरून सापडतात. नुसत्या एमटीएस उचलल्या, तर तुकड्यांचा परस्परसंबंध नोंदवणाऱ्या फाइली मागे राहतात. म्हणून संपूर्ण ‘प्रायव्हेट’ फोल्डर, नावे न बदलता, कॉपी करावा आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधील मीडिया ब्राउझरमधून क्लिपा घ्याव्यात.

कार्ड लावताच विंडोज ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘दुरुस्त करा’ म्हणते. काही फाइली ० केबी दिसतात.

दोन्हींना नकार द्यावा. ‘स्कॅन अँड फिक्स’ कार्डावर लिहिते आणि मालक न सापडलेल्या माहितीचे सीएचके नावाने संपणारे तुकडे करून ठेवते. त्यातून मूळ क्लिप जोडणे अधिक अवघड होते. ० केबीचा अर्थ नोंद हरवली एवढाच असतो, चित्र कार्डावर असू शकते. आधी कार्डाची संपूर्ण इमेज, म्हणजे एकाच फाइलीत जशीच्या तशी प्रत, काढावी (कार्ड मध्येच अडत असेल तर डीडीरेस्क्यू हे साधन त्यासाठी उत्तम) आणि मग फोटोरेक किंवा हरवलेल्या फाइली शोधणारे तत्सम साधन त्या इमेजवर चालवावे, कार्डावर नव्हे.

चुकून कार्ड फॉरमॅट झाले.

साध्या फॉरमॅटने बहुधा फक्त नोंदी पुसल्या जातात, म्हणून त्यानंतर एकही शॉट घेतला नसेल तर आशा मोठी असते. मात्र परत मिळालेली मोठी क्लिप उघडत नसेल, तर कारण वेगळे आहे. गोप्रोसारखे कॅमेरे मुख्य फाइल आणि एलआरव्ही एकाच वेळी लिहितात, त्यामुळे दोन्हींचे तुकडे कार्डावर एकाआड एक पडलेले असतात आणि साधी रिकव्हरी साधने सलग वाचत जाऊन दोन्हींची खिचडी करतात. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची रचना जाणणारे सशुल्क साधन किंवा जाणकार माणूस लागतो. सापडलेली क्लिप पैसे भरण्याआधी चालवून दाखवणारेच साधन निवडावे.

नवे १२८ जीबीचे कार्ड; सुरुवातीच्या क्लिपा ठीक आणि पुढच्या सगळ्या बिघडलेल्या.

कार्ड बनावट असण्याची शक्यता मोठी आहे. अशा कार्डाची खरी जागा कमी असते, पण ते संगणकाला मोठी सांगते. जागा संपली तरी कॅमेरा लिहीत राहतो आणि लिहिलेले कोठेच उरत नाही. यातील हरवलेल्या क्लिपा कोणीही परत आणू शकत नाही. एचटूटेस्टडब्ल्यू हे साधन कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचते आणि खरी जागा सांगते. त्याला वेळ लागतो, पण लग्नाच्या कामाआधी प्रत्येक नव्या कार्डावर ते चालवावे. कार्ड खरे असूनही रेकॉर्डिंग आपोआप थांबत असेल, तर वेग तपासावा: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०, क्लास १० ची हमी फक्त १० ची असते. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील, तर दोन्ही कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग करावे. दुसऱ्या खाचेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातील क्लिपा आता उघडत नाहीत.

त्या बहुधा ६४० बाय ४८० आकाराच्या मोशन जेपेग असतात आणि एव्हीआय किंवा एमओव्ही वेष्टनात असतात. विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा आधार ॲपलने २०१६ साली बंद केला; तो पुन्हा बसवू नये, कारण त्यातील सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहिल्या आहेत. व्हीएलसी या क्लिपा चालवतो. घरच्यांसाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एच.२६४ प्रत काढावी, पण मूळ फाइली ठेवाव्यात. त्या सीडीवर असतील, तर आधी हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर गाणी म्हणणाऱ्या आजीचा आवाज एखाद्या घरात फक्त अशाच क्लिपेत उरलेला असतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप अंधूक दिसते.

व्हिडिओ म्हणून पाठवल्यास व्हॉट्सॲप ती आकुंचित करते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल तशी जशीच्या तशी जाते. मिक्सिंगसाठी व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप स्वीकारू नये.

फाइल दुरुस्त करून देणारी संकेतस्थळे वापरावीत का?

सूची हरवलेल्या १०-२० जीबीच्या फाइलीसाठी ती व्यवहार्य नाहीत, आणि दुसऱ्याच्या घरचे लग्न अनोळखी सर्व्हरवर चढवण्याआधी त्या घरच्यांना विचारलेले बरे. ‘कोडेक पॅक’ म्हणून मिळणारी मोफत गाठोडीही टाळावीत.

रिकव्हरीच्या दुकानात कार्ड देताना काय सांगावे?

कॅमेऱ्याचे मॉडेल, रेकॉर्डिंगचे सेटिंग, वीज गेली की बॅटरी निघाली की फॉरमॅट झाले, आणि त्यानंतर कार्डावर काय काय केले, हे लिहून द्यावे. त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची चालणारी एक क्लिप पेनड्राइव्हवर सोबत द्यावी. काम इमेजवर होणार की थेट कार्डावर, हे आधी विचारावे आणि थेट कार्डावर असे उत्तर आले तर कार्ड परत घ्यावे. पैसे क्लिप मध्यापासून आणि शेवटापासून चालवून पाहिल्यावर द्यावेत, कारण छोटे चित्र दिसणे आणि पहिले दहा सेकंद चालणे याने काहीच सिद्ध होत नाही.